हॉर्न नसलेला रस्ता

नवी गाडी दारात आली की मराठी माणूस तिच्यात सुधारणा करायला घेतो. सुधारकांच्या दोन जाती आहेत. पहिली भर घालणारी. हे लोक सीटवर कव्हर चढवतात, कव्हरवर टॉवेल पसरतात, डॅशबोर्डवर गणपती बसवतात, पुढे लिंबू-मिरची बांधतात आणि मागच्या काचेवर आई-वडिलांचे आशीर्वाद लिहून घेतात. दुसरी जात काढणारी. कंपनीच्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षे डोके आटवून जे बसवले, ते ही मंडळी एका शनिवारी दुपारी काढून ठेवतात. एअर फिल्टर काढायचा, सायलेन्सर काढायचा, स्प्रिंगा काढायच्या, चाके काढायची. मग मूळ गाडीपेक्षा महाग असे काहीतरी त्या जागी बसवायचे आणि काढलेला माल आईच्या माळ्यावर ठेवून द्यायचा.

आमचा भाचा दुसऱ्या जातीचा. त्याच्याकडे पोलो आहे. चाकणच्या कारखान्यातून २००९ च्या अखेरीस ही गाडी बाहेर पडू लागली आणि २०२२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तेव्हापासून पोलोवाल्यांचे प्रेम वाढतच चालले आहे. भाच्याची गाडी शेवटच्या काळातली, एक लिटर टर्बो इंजिनाची, कंपनीच्या हिशेबाने ११० घोड्यांची. सिंहगड रोडवर संध्याकाळी सात वाजता त्यातले १०९ घोडे नुसते उभे असतात. तरी भाच्याला घोडे कमी पडत होते.

मग रिमॅप झाले. म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडून टर्बोने किती दाब द्यायचा, पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कधी पाडायची हे सगळे नव्याने ठरवले. कागदावर वीस-पंचवीस घोडे वाढले. नंतर आला कोल्ड एअर इनटेक. थंड हवा दाट असते, दाट हवेत ऑक्सिजन जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येते, हे भाच्याने ताईला पोहे खाता खाता समजावून सांगितले. ताईने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "गाडीला थंड हवा हवी. आणि मे महिन्यात मी एसी लावला की तूच बिलाचं बोलतोस."

तिसरा आला एक्झॉस्ट. एक्झॉस्टमुळे भाच्याची सोसायटीत कीर्ती झाली. गाडी कोपऱ्यावर असतानाच वॉचमन फाटक उघडू लागला. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा रात्री साडेनऊला श्रवणयंत्र काढून ठेवत. ते आठलाच काढू लागले. शेवटी स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली. ती इतकी खाली गेली की ताईला आत बसता येईना, आणि बसली तर उठता येईना. भाच्याच्या मित्रांत मात्र गाडीचे फार कौतुक झाले. या मंडळींत "अजून स्टॉकच का रे?" (म्हणजे कंपनीने दिली तशीच का) हा प्रश्न, तिशी उलटलेल्या मुलाला "अजून लग्नाचं काही नाही का?" असे विचारतात त्याच सुरात विचारला जातो.

भावोजी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना यातले काही कळत नाही, पण छापलेला मजकूर कळतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ त्यांनी काढले. गाडी कंपनीने जशी ठरवून दिली तिच्यापेक्षा वेगळी करायची नाही, हे त्यात आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची सोय झाली. भावोजींनी गाडीतले बदल मोजले, पाच हजारांनी गुणले आणि आलेला आकडा लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून फ्रिजला चिकटवला. दुधाच्या हिशेबाशेजारी तो अजून आहे.

एवढे सगळे करून गाडी पळवायची कुठे, हा प्रश्न उरतोच. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. तेव्हा सभ्य मार्ग एकच: ट्रॅक. शर्यतीसाठी बांधलेला रस्ता एका दिवसापुरता तुमच्याआमच्यासारख्यांना खुला करतात. पैसे भरायचे, रोजची गाडी घेऊन जायचे आणि मनसोक्त फेऱ्या मारायच्या. शर्यत नसते, बक्षीस नसते, पहिल्यांदा येणाऱ्यांना तर घड्याळही लावू देत नाहीत. मराठी माणसाला नंबर न काढता एवढे पैसे खर्च करण्याचा हा प्रकार समजायला जरा वेळ लागतो.

आपल्या देशात अशा जागा मोजक्या आहेत. ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे. २०११ ते २०१३ तिथे फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वर्षी सेबास्टियन फेटेलच जिंकला, त्यामुळे प्रेक्षकांचा फारसा गोंधळ उडाला नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे. ही क्लबवाली मंडळी पूर्वी शोलावरमच्या जुन्या युद्धकालीन धावपट्टीवर शर्यती भरवत. आणि कोइमतूरला आहे करी मोटर स्पीडवे, दोन किलोमीटरहून थोडा लांब, वळणावळणांचा. हे नाव एस. करिवर्धन यांचे. मारुती ८०० चे इंजिन घालून एका माणसाची छोटी शर्यतीची गाडी बनवायची आणि मध्यमवर्गीय पोरांना शर्यत परवडेल असे करायचे, ही करामत या गृहस्थांची. १९९५ मध्ये ते विमान अपघातात गेले. भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन त्याच कोइमतूरचा. भाच्याने कोइमतूर निवडले आणि सोबत म्हणून मामाला घेतले. "तुला काही करायचं नाहीये मामा, फक्त व्हिडिओ काढायचेत," असे सांगून.

निघायच्या आदल्या रात्री भावोजींनी विम्याची पॉलिसी मोठ्याने वाचली. वापराच्या मर्यादा या मथळ्याखाली संघटित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या यांना विमा लागू नाही, असे स्वच्छ लिहिलेले असते. हे कलम देशातल्या कोट्यवधी गाड्यांच्या कागदात आहे आणि ते वाचणारे भावोजी बहुधा एकटे. "म्हणजे ठोकलीस तर खर्च तुझा," ते म्हणाले. ताईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. तिच्या मते तो सर्वंकष विमा होता.

ट्रॅकवर गाडीतले बदल कोणी विचारत नाही. पण पुण्यापासून ट्रॅकपर्यंतचे साधारण बाराशे किलोमीटर कलम ५२ मधूनच जातात. वाटेत पोलीस दिसला की भाचा एवढ्या हळुवारपणे ॲक्सिलरेटर सोडी की इंजिन कुजबुजू लागे. पण पोलिसांपेक्षा मोठा शत्रू स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तकात त्याचे माप दिले आहे: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. हे पुस्तक गावोगावच्या ठेकेदारांनी उंचीपर्यंत वाचलेले दिसते. रुंदीचे पान येईस्तोवर डांबर संपत असावे. खाली बसवलेली गाडी असा उंचवटा सरळ ओलांडू शकत नाही. ती तिरकी घ्यावी लागते, एकेक चाक चढवत, एकेक चाक उतरवत. कोल्हापूरच्या अलीकडे सर्व्हिस रोडवर आमचा हा विधी चालला असताना उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर गाणी वाजवत शेजारून निघून गेला. आमच्या एक्झॉस्टपेक्षा त्याचा टेप मोठा होता.

ट्रॅकवर सकाळी पोचलो तेव्हा तिथे भाच्यासारखे बरेच भाचे जमले होते. सगळ्यांची बॉनेटे उघडी. एकमेकांना नावे विचारायच्या आधी "काय काय केलंय?" हे विचारायची पद्धत आहे. भाषा तमिळ, कन्नड, मल्याळम, मराठी. पण टर्बो, इनटेक, डाउनपाइप हे शब्द सगळीकडे तेच, त्यामुळे राष्ट्रीय एकात्मता पाच मिनिटांत साधते.

मग तपासणी. गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढायला लावतात, कारण जोरात ब्रेक मारल्यावर घरंगळलेली पाण्याची बाटली पेडलखाली जाऊन बसू शकते. आमच्या गाडीतून निघाले: पायपुसणी, छत्री, ताईच्या चपला, दशम्यांचा डबा, चटणीची बरणी, जुन्या टोलच्या पावत्या, लग्नात मिळालेला नारळ आणि एक क्रिकेटचा चेंडू, जो मी त्याला पाचवीत असताना दिला होता असे तो म्हणतो. डॅशबोर्डवरचा गणपतीही काढायचा होता. भाचा घुटमळला. तपासणाऱ्या तमिळ गृहस्थांनी आपले बूट बाजूला काढले, पिळ्ळैयार म्हणून दोन्ही हातांनी मूर्ती उचलली आणि पिट्सच्या, म्हणजे गाड्या थांबवायच्या जागेच्या, भिंतीवर पूर्वाभिमुख ठेवली. तिथून त्याला सगळा ट्रॅक दिसत होता.

पुढे हेल्मेट. आमच्या पुण्यात दुचाकीवर हेल्मेट घालायला लावले म्हणून समित्या स्थापन होतात. इथे चारचाकीत, छताखाली, पट्टा बांधून वर हेल्मेट घालायचे होते. भाच्याने ते विनातक्रार घातले, फोटोही काढून घेतला. तत्त्वे जिल्ह्याबाहेर टिकत नाहीत.

सगळ्यांना बसवून सूचना दिल्या. पिवळा झेंडा दिसला तर पुढे धोका आहे, वेग कमी करा, कोणी कोणाला ओलांडायचे नाही. लाल दिसला तर सगळे थांबवले आहे, हळू पिट्समध्ये या. काळा झेंडा तुम्हाला दाखवला तर तुमचे काहीतरी चुकले आहे, आत येऊन भेटा. आणि निळा दाखवला तर मागून जलद गाडी येते आहे, तिला जाऊ द्या. इथे भाच्याच्या शेजारचा मुलगा अस्वस्थ झाला. मागच्याला जाऊ देणे ही कल्पना त्याने आयुष्यात प्रथमच ऐकली असावी. नियम असा की सरळ पट्ट्यावरच ओलांडायचे, आणि तेही पुढच्याने हात बाहेर काढून बाजू दाखवल्यावर. वळणात घुसायचे नाही. हॉर्न वाजवायचा प्रश्नच नाही.

आधी पुढे चालणाऱ्या एका गाडीमागून रांगेने संथ फेऱ्या झाल्या, वळणे ओळखीची व्हावीत म्हणून. मग मोकळे सोडले. मी पिट्सच्या भिंतीशी मोबाइल धरून उभा. भाच्याची पोलो समोरून गेली तेव्हा आवाज असा आला की शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले. आवाज गेला, मागून गाडीही गेली. त्या दोघांचा वेग सारखा नव्हता, हे मला तेव्हाच जाणवले.

थोड्या वेळाने एक जुनी मारुती एस्टीम आली. रंग उडालेला, बंपरला दोरी, आत एकच सीट. चालवणारे गृहस्थ माझ्याच वयाचे. प्रत्येक फेरीला ती एस्टीम पोलोच्या जवळ सरकत होती. ती सरळ पट्ट्यावर मागे पडे आणि प्रत्येक वळणात पुढे येई. अखेर भाच्याने हात बाहेर काढून बाजू दाखवली. एस्टीम निघून गेली. जाता जाता गृहस्थांनी आभाराचा हात वर केला, आणि तोच भाच्याला सर्वांत जास्त लागला.

पुढच्या काही फेऱ्यांत भाच्याने एस्टीम गाठायचे मनावर घेतले. लांब पट्ट्याच्या शेवटी त्याने ब्रेकवर पाय दिला तर पेडल खाली गेले. आणखी दिला तर आणखी खाली गेले. गाडी आपल्याच विचारात पुढे चालली. नशिबाने ट्रॅकवाल्यांनी पुढे भरपूर मोकळी माती ठेवलेली असते. भाचा मातीत थांबला, धूळ खाली बसली, मार्शलने पिवळा झेंडा हलवला आणि पोलो हळूहळू पिट्समध्ये आली. चाकांतून जळका वास येत होता. पोराचा चेहरा दशमीच्या रंगाचा झाला होता.

लोक जमले. सगळ्यांनी रिमॅप कोणाचा, एक्झॉस्ट कोणता, हेच विचारले. एस्टीमवाले गृहस्थ मात्र डॉक्टरी शांतपणे इंग्रजीत एवढेच म्हणाले, "ब्रेक फ्लुइड शेवटचं कधी बदललं?" भाच्याने आठवण्याचा प्रयत्न केला. गाडीतली बदलता येण्यासारखी प्रत्येक वस्तू त्याने बदलली होती. ही एकच राहिली होती, कारण ती कोणाला दिसत नाही आणि आवाज करत नाही.

कारण साधे आहे आणि शाळेत शिकवलेले आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. साठच्या वेगातली गाडी थांबवायला ब्रेकला जेवढे काम करावे लागते, त्याच्या चौपट एकशेवीसला. ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्येच जाते, आणि ट्रॅकवर दर मिनिटाला कितीदा तरी. ब्रेकच्या नळ्यांतले द्रव हवेतली ओल शोषत राहते. डॉट ४ दर्जाचे नवे द्रव निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. ओल धरली की ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. उकळले की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पाय पेडलवर, पेडल वाफेवर. काही शे रुपयांच्या बाटलीने लाखाच्या घरातल्या सामानाला मातीत नेऊन उभे केले होते.

एस्टीमवाल्यांच्या डब्यात नवे फ्लुइड होते, असल्या लोकांकडे ते असतेच. सगळ्यांनी मिळून जुने काढले, नवे भरले. ते चहाच्या रंगाचे जुने द्रव बाटलीत पाहून भाच्याच्या मित्राने त्याचा फोटो काढला. गाडी उभी करताना भाच्याने सवयीने हँडब्रेक ओढला, तर गृहस्थांनी लगेच सोडायला लावला: तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढायचा नाही, तो चिकटून बसतो, गाडी गिअरमध्ये ठेवायची. नंतर ते शेजारच्या सीटवर बसून भाच्याबरोबर फेऱ्या मारायला गेले. ब्रेक सरळ रेषेत मारायचा, वळणात नाही. नजर बंपरवर नको, पुढच्या वळणावर ठेवायची. स्टिअरिंगला झटके द्यायचे नाहीत. टायर किंचाळतात म्हणजे गाडी पळते असे नाही, ती घसरते आहे. परत आले तेव्हा गाडीचा आवाज निम्म्याने कमी झाला होता, आणि मघाशी पोलोला मागे टाकणाऱ्या दोन गाड्यांनी यावेळी तिला बाजू दाखवली होती. एकही नवा भाग न बसवता.

मला मात्र दिवसभर भलतीच गोष्ट दिसत राहिली. देशातले सर्वांत वेगवेडे लोक तिथे जमले होते. सोसायटीतल्या आजोबांना ज्यांची भीती वाटते, ते हे. त्या सगळ्यांना मी तासन्‌तास चालवताना पाहिले. एकही हॉर्न ऐकला नाही. कोणी उलट्या दिशेने आले नाही. झेंडा हलताच वेग कमी होत होता आणि तिथे दंडाची पावती फाडणारा कोणी नव्हता. सगळे आरशात बघत होते. पुढचा मागच्याला स्वतःहून वाट देत होता, मागचा आभार मानत होता. वयाने आणि गाडीने लहान असलेल्याला कोणी दटावले नाही. शंभराच्या वर वेग आणि वागणूक मात्र सत्यनारायणाच्या पूजेला आलेल्या पाहुण्यांची.

परत येताना हायवेवर उजव्या पट्ट्यात चाळीसच्या वेगाने निवांत चाललेला कंटेनर भेटला, डाव्या बाजूने ओलांडणाऱ्या बसगाड्या भेटल्या, रस्त्याच्या उलट दिशेने दुधाचे कॅन लावून येणारी मोटारसायकल भेटली. प्रत्येकाचा हॉर्न अखंड. भाचा मात्र शांत झाला होता. घरी आल्यावर त्याने एक्झॉस्ट काढून माळ्यावरचा सायलेन्सर पुन्हा बसवला. आजोबांनी श्रवणयंत्राची वेळ पूर्ववत केली. फ्रिजवरच्या आकड्यातून भावोजींनी पाच हजार वजा केले आणि खाली तारखेनिशी सही केली.

भाच्याला एक सवय मात्र लागली ती लागलीच. कर्वे रोडवर मागून कोणी घाईने आले की तो खिडकीतून हात काढून बाजू दाखवतो. पुण्यात याचा अर्थ कोणालाच कळत नाही. काहींना तो वळतोय असे वाटते, काही थांबून "काय झालं?" विचारतात आणि एकाने तर हातात पत्रक ठेवले.

आपल्याकडे गाडी चालवायचा परवाना आठचा आकडा काढून मिळतो, आणि पुढे आयुष्यभर आठ कोणी काढत नाही. त्याऐवजी परवान्याआधी प्रत्येकाला अर्धा दिवस ट्रॅकवर बसवावे आणि निळ्या झेंड्याखाली गाडी चालवून दाखवायला लावावी, अशी माझी परिवहन खात्याला नम्र सूचना आहे. ती अमलात येईपर्यंत घरोघरच्या ताई-भावोजींसाठी एवढेच. मुलगा गाडीला मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट मागत असेल तर नाही म्हणू नका, भांडण वाढते. आधी ब्रेक फ्लुइड, पॅड आणि टायर बदलायला लावा आणि एकदा त्याला ट्रॅकवर पाठवा. परत आल्यावर एक्झॉस्टची मागणी बहुधा राहणार नाही. राहिलीच, तर निदान गाडी थांबेल.